नंबर वन एकदाच, मग बोआ ‘राणी’ कशी? जपानी सिंगल्सचे आकडे कसे वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात जपानी शिकणाऱ्या एका वाचकाला वर्गात जपानी पॉप संगीतावर दहा मिनिटं बोलायचं आहे आणि विषय निवडलाय कोरियन गायिका बोआ, जिला चाहते ‘राणी’ म्हणतात. त्यांनी तिच्या जपानी सिंगल्सची, म्हणजे दोन-तीन गाण्यांच्या सीडींची, यादी काढली, प्रत्येकासमोर ओरिकॉन या जपानी विक्री-यादीतला सर्वोच्च क्रमांक लिहिला आणि तिथेच गाडी अडली. पहिली तीन गाणी विसाव्या, तेविसाव्या आणि पंधराव्या क्रमांकावर. पुढे बरीच दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या. पहिला क्रमांक एकदाच, तोही २००५ साली ‘डू द मोशन’ला. लोक जिचं नाव अजून काढतात ती ‘मेरी कुरी’ पाचव्या क्रमांकावर थांबलेली. दुसरीकडे नंतरच्या कोरियन गटांच्या खात्यात नंबर वनची रांग. मग बोआ खरंच एवढी यशस्वी होती, की हे सगळं चाहत्यांनी फुगवलेलं आहे?

तुम्ही काढलेली यादी बरोबर आहे. पण ‘सिंगलचा सर्वोच्च क्रमांक’ या एकाच रकान्यावरून जपानमधलं यश मोजता येत नाही, आणि बोआच्या बाबतीत तर मुळीच नाही. मी गेली बरीच वर्षं मुंबईत जपानी आणि कोरियन संगीताच्या हक्कांचं आणि कॅटलॉगचं काम करतो. जुनी रेकॉर्ड इथे कोणाला द्यायची झाली तर ती तिकडे नेमकी किती चालली होती हे आधी पाहावं लागतं, त्यामुळे ओरिकॉनचे तक्ते हे माझं रोजचं वाचन. त्या सवयीने सांगतो.

आधी हा क्रमांक येतो कुठून ते पाहू. ओरिकॉनची साप्ताहिक सिंगल्सची यादी १९६८ पासून निघते. दुकानांतून मिळालेल्या विक्रीच्या माहितीवरून सोमवार ते रविवार असा आठवडा मोजला जातो. जपानमध्ये नव्या सीडी बहुधा बुधवारी येतात. दुकानदार त्या मंगळवारी संध्याकाळीच मांडतात आणि पक्के चाहते त्याच दिवशी उचलतात. म्हणजे पहिल्या आठवड्याचा आकडा हा जेमतेम सहा दिवसांचा, आणि त्यातही मुख्यतः ज्यांनी ‘घ्यायचंच’ असं आधी ठरवलेलं असतं त्यांचा. त्याच बुधवारी आणखी कोण उतरलंय यावर क्रमांक ठरतो. मोठा गट समोर असला तर दोन लाख विकूनही दुसरा क्रमांक, आणि आठवडा मोकळा मिळाला तर त्याहून बऱ्याच कमी विक्रीत पहिला. ‘व्हॅलेंटी’ ऑगस्ट २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर थांबलं आणि ‘डू द मोशन’ पहिल्यावर गेलं. पण एकूण प्रती ‘व्हॅलेंटी’च्याच जास्त खपल्या. तुमच्या यादीत हे दिसणारच नाही, कारण तिथे २ हा आकडा १ च्या खाली आहे.

आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे लगेच कळेल. शुभारंभाच्या प्रयोगाला लागलेला हाऊसफुल्लचा बोर्ड वेगळा आणि पाचशेवा प्रयोग वेगळा. सर्वोच्च क्रमांक हा शुभारंभाचा बोर्ड.

म्हणून मी कुठल्याही जपानी गायकाचा तक्ता करताना क्रमांकाच्या शेजारी आणखी काही रकाने आखतो. गाणं किती आठवडे यादीत टिकलं, हा पहिला. ओरिकॉनच्या तक्त्यात हा आकडा ‘तोजो काइसू’ म्हणून दिलेला असतो. तुम्ही जपानी शिकताय, तेव्हा थेट वाचता येईल. दुसरा रकाना, गाणं कशाशी जोडलेलं होतं: जाहिरात, मालिका, ॲनिमे, चित्रपट, गेम. आणि तिसरा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: त्या सिंगलनंतर कोणता अल्बम आला आणि त्याचं काय झालं.

हा तिसरा रकाना बोआच्या बाबतीत भरून पाहा, चित्र पालटतं.

मे २००१ मध्ये ‘आयडी, पीस बी’ या तिच्या कोरियन पदार्पणाच्या गाण्याची जपानी आवृत्ती आली, क्रमांक २०. मग ‘अमेझिंग किस’, २३. डिसेंबरात ‘किमोची वा त्सुतावारु’, १५. इथपर्यंत कुठल्याही कंपनीने हात आखडता घेतला असता तरी कोणी नावं ठेवली नसती. जानेवारी २००२ मध्ये ‘लिसन टू माय हार्ट’ आलं आणि पाचव्या क्रमांकावर गेलं. लगेच १३ मार्च २००२ ला त्याच नावाचा अल्बम निघाला, आणि तो थेट पहिल्या क्रमांकावर. कोरियन कलाकाराने तिथल्या अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक गाठण्याची ती पहिलीच वेळ. जपानी रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आरआयएजेने, त्याला दहा लाखांचं ‘मिलियन’ प्रमाणपत्र दिलं. एकही सिंगल पाचाच्या वर गेलेलं नाही आणि अल्बम दशलक्षी. बोआ तेव्हा पंधरा वर्षांची होती.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. पुढच्या वर्षी ‘व्हॅलेंटी’ (२), ‘किसेकी / नंबर वन’ (३), ‘ज्युएल साँग / बिसाइड यू’ (३) या सिंगल्सच्या पाठोपाठ जानेवारी २००३ मध्ये ‘व्हॅलेंटी’ अल्बम आला. पहिला क्रमांक, पुन्हा दहा लाखांच्या वर. ‘शाइन वी आर! / अर्थसाँग’ (२), ‘डबल’ (२), ‘रॉक विथ यू’ (५), आणि त्यानंतर जानेवारी २००४ चा ‘लव्ह अँड ऑनेस्टी’ पहिला. ‘क्विन्सी’ (४), ‘मेरी कुरी’ (५), आणि फेब्रुवारी २००५ चा निवडक गाण्यांचा ‘बेस्ट ऑफ सोल’ पहिला, तोही दशलक्षी. पुढे ‘आउटग्रो’, ‘मेड इन ट्वेंटी’, ‘द फेस’. पदार्पणापासून सलग सहा स्टुडिओ अल्बम पहिल्या क्रमांकावर, सातवा ‘बेस्ट ऑफ सोल’. ही साखळी तुटली ती मार्च २००९ मध्ये ‘बेस्ट अँड यूएसए’ दुसऱ्या क्रमांकावर आला तेव्हा. मधल्या काळात रीमिक्सच्या सीडी निघाल्या, त्या या मोजणीत धरत नाहीत.

आता असं का होतं? लोक सिंगल घेत नव्हते आणि अल्बम मात्र घेत होते, त्याचं कारण बरंचसं खिशात आहे. त्या काळी जपानमध्ये सिंगलची किंमत हजार-बाराशे येन, त्यात दोन-तीन गाणी आणि त्यांचे वाद्यसंगीताचे ट्रॅक. अल्बम तीन हजार येनच्या आसपास, त्यात आधीची सगळी सिंगल्स आणि वर नवी गाणी. किमती ठरलेल्या असायच्या. कायद्यानेच सीडीला पुस्तकासारखी ठरावीक किमतीची मुभा आहे, दुकानदाराला सूट देऊन खेचाखेची करता येत नाही. शाळकरी मुलगी सिंगल भाड्याने आणायची. हो, भाड्याने, त्सुताया वगैरे दुकानांतून सीडी भाड्याने मिळत, घरी मिनीडिस्कवर उतरवून परत करायच्या. ओरिकॉनच्या मोजणीत ते ऐकणं कुठेच येत नाही. मग अल्बम आला की तो मात्र विकत घ्यायची. कंपनीलाही हे पक्कं ठाऊक असतं. सिंगल ही अल्बमची टीव्हीवरची जाहिरात, खरा गल्ला अल्बमवर.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना ‘एव्हरी हार्ट – मिन्ना नो किमोची’. तुमच्या यादीत त्याच्यापुढे १० लिहिलेलं असेल, आणि ‘लिसन टू माय हार्ट’ पाचवं आल्यावर लगेच घसरण झाली असं वाटेल. तारीख पाहा: १३ मार्च २००२. पहिला अल्बम ज्या दिवशी आला त्याच दिवशी हे सिंगलही आलं, आणि हे गाणं अल्बममध्येही होतंच! तीन हजार येनात सगळं मिळत असताना हजार येन वेगळे टाकणारा कोण? तरीही दहावा क्रमांक आला, कारण ते ‘इनुयाशा’ या ॲनिमे मालिकेत भागाच्या शेवटी वाजणारं गाणं होतं आणि त्या मालिकेचे प्रेक्षक बोआचे चाहते असतीलच असं नव्हतं. त्यांना फक्त ते एक गाणं हवं होतं.

याच तबकडीची आणखी एक गंमत. जपानमध्ये विकली गेलेली पहिली ‘कॉपी कंट्रोल सीडी’ म्हणून तिची नोंद आहे. संगणकावर गाणी उतरवता येऊ नयेत म्हणून तिच्या जपानी रेकॉर्ड कंपनीने, एव्हेक्सने, ही तऱ्हा काढली आणि पहिला प्रयोग केला तो बोआच्या या सिंगलवर. लोक वैतागले, जुन्या प्लेअरवर त्या नीट वाजत नाहीत अशा तक्रारी झाल्या, आणि २००४ मध्ये कंपनीने त्यातून पाय मागे घेतला. क्रमांकावर याचा किती परिणाम झाला ते कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, पण कंपनीने असल्या प्रयोगासाठी कोणाची सीडी निवडली यावरून तिच्याकडे त्यांचं किती लक्ष होतं ते कळतं.

त्यानंतर मे महिन्यात आलेलं ‘डोंट स्टार्ट नाऊ’ पहिल्या दहातही आलं नाही. कारण तेच: गाणं अल्बममध्ये आधीच होतं. असं ‘अल्बमनंतरचं सिंगल’ दिसलं की मी त्याचा क्रमांक कंसात टाकतो, तुलनेत धरत नाही. तुम्हीही तसंच करा.

‘मेरी कुरी’चं काय, हे तुम्ही वेगळं विचारलंय. १ डिसेंबर २००४ ला आलेलं ते संथ, नाताळच्या दिवसांतलं गाणं. अशी गाणी पहिल्या आठवड्यात उडी मारत नाहीत. थंडी वाढेल तशी हळूहळू विकली जातात, त्यामुळे विक्री चार-पाच आठवड्यांत पसरते आणि सर्वोच्च क्रमांक बेताचाच राहतो. दोनच महिन्यांनी ‘बेस्ट ऑफ सोल’ येणार हे जाहीर झालं की थांबणारेही असतात. आणि त्या वर्षांत मोबाइलवर गाणं घेण्याची लाट आली होती. गाण्याचा तुकडा रिंगटोन म्हणून घ्यायचा, त्याला ‘चाकु-उता’ म्हणत. २००४ च्या शेवटी तर पूर्ण गाणंच फोनवर मिळू लागलं. ओरिकॉनची सिंगल्सची मुख्य यादी मात्र तबकड्याच मोजत राहिली. डाउनलोडची त्यांची साप्ताहिक यादी २०१७ मध्ये निघाली आणि तबकडी, डाउनलोड व स्ट्रीमिंग एकत्र धरणारी २०१८ च्या शेवटी. ‘मेरी कुरी’ आजही जपानच्या हिवाळी गाण्यांच्या याद्यांत हमखास सापडतं. पाचवा क्रमांक खोटा नाही, फक्त त्या गाण्याबद्दल तो फारसं काही सांगत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न नंतरच्या गटांशी तुलनेचा. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण तुम्ही कोणत्या वर्षाच्या नंबर वनबद्दल बोलताय ते आधी ठरवावं लागतं.

तोहोशिन्कीचं उदाहरण घ्या, म्हणजे कोरियातला टीव्हीएक्सक्यू हा मुलांचा गट. कोरियातली कंपनी बोआचीच, एसएम एंटरटेनमेंट. जपानमधलं घरही एव्हेक्सच. एप्रिल २००५ मधलं त्यांचं पहिलं जपानी सिंगल पहिल्या तीसातही नव्हतं. छोट्या छोट्या सभागृहांतून कार्यक्रम करत त्यांनी पाया घातला आणि जानेवारी २००८ मध्ये ‘पर्पल लाइन’ने पहिला क्रमांक मिळवला. तोवर सीडीचा एकूण खप बराच आटला होता (जपानमध्ये तो १९९८ च्या सुमारास शिखरावर होता आणि नंतर उतरतच गेला), आणि उरलेल्या गिऱ्हाइकांत निष्ठावान चाहत्यांचा वाटा वाढला होता. अशा बाजारात ज्याचे चाहते संघटित तो पहिला. २०१० मध्ये कारा आणि गर्ल्स जनरेशन हे कोरियन मुलींचे गट आले. कारा ‘जेट कोस्टर लव्ह’सह एप्रिल २०११ मध्ये पहिल्या क्रमांकावर. मग एकाच गाण्याच्या तीन-तीन, चार-चार आवृत्त्या, आत गटातल्या कुणाचा तरी फोटो (कुणाचा ते नशिबावर), हस्तांदोलनाच्या कार्यक्रमाची चिठ्ठी. ही तऱ्हा मुळात जपानी मुलींच्या गटांनी रुजवली, कोरियन गटांनी ती उचलली. एक माणूस दहा प्रती घेतो आणि ओरिकॉनवर त्या दहा मोजल्या जातात. मी याला फसवणूक म्हणणार नाही, पैसे खरेच मोजलेले असतात. पण २००२ मधल्या दोन लाख प्रती म्हणजे जवळपास दोन लाख घरं होती. २०१५ मधल्या दोन लाख प्रतींबद्दल असं म्हणता येत नाही.

तेव्हा गटांच्या नंबर वनची संख्या बोआच्या एका नंबर वनशेजारी ठेवू नका. ठेवायचीच असेल तर दशलक्षी अल्बम शेजारी ठेवा. आणि आजच्या गटांबद्दल बोलायचं असेल तर बिलबोर्ड जपानची हॉट १०० पाहा. ती २००८ पासून आहे आणि सीडीखेरीज डाउनलोड, स्ट्रीमिंग, व्हिडिओ, अगदी काराओकेही धरते. आज एखादं गाणं कोरियन भाषेतच, जपानी आवृत्तीशिवाय, तिथे वर चढतं. बोआच्या वेळी हे शक्य नव्हतं, आणि तिच्या कथेचा गाभा नेमका इथे आहे. तुमच्या दहा मिनिटांपैकी निम्मा वेळ मी यावर घालवला असता.

बोआ जपानमध्ये ‘कोरियन गायिका’ म्हणून विकलीच गेली नाही. तिचे जन्मदाते, नाव, पासपोर्ट कोणी लपवले नाहीत, पण दुकानात तिची सीडी जे-पॉपच्या, म्हणजे जपानी पॉपच्या, फळीवर असायची, हामासाकी आयुमी आणि आमुरो नामिए या जपानी गायिकांच्या शेजारी. त्याआधी कोरियातून जपानला गेलेले नावाजलेले गायक होतेच: चो योंग-पिल, के उन-सुक, किम योन-जा. पण ते बहुतेक एन्का या जुन्या धाटणीच्या भावगीतांच्या वाटेने गेले, त्यांचा श्रोता चाळिशीपुढचा. तरुण पॉपमध्ये एसएमने आधी एक प्रयत्न केला होता, १९९८ मध्ये एस.ई.एस. हा मुलींचा गट पाठवून. कोरियात तो गट प्रचंड गाजत होता, जपानमध्ये फारसं काही हाती लागलं नाही.

बोआच्या वेळी एसएमचे संस्थापक ली सू-मान यांनी पद्धतच बदलली. १९९८ मध्ये ही मुलगी भावाच्या ऑडिशनला सोबत म्हणून आली होती आणि कंपनीच्या नजरेत भरली. तेव्हा ती अकरा वर्षांची. पदार्पणाआधीच तिला नाच-गाण्याबरोबर जपानी आणि इंग्रजी शिकवायला घेतलं. ऑगस्ट २००० मध्ये कोरियात पदार्पण, नऊ महिन्यांनी जपानमध्ये. आणि तिथे तिला एव्हेक्सच्या हवाली केलं, पाहुणी कलाकार म्हणून नव्हे तर घरची गायिका म्हणून. एव्हेक्स १९८८ मध्ये परदेशी नृत्यसंगीताच्या तबकड्या आयात करणारी कंपनी म्हणून सुरू झाली आणि नव्वदीत नाचण्याजोग्या जपानी पॉपचं मोठं घर बनली होती. नाचता-नाचता थेट गाऊ शकणारी किशोरी त्यांना हवीच होती. डिसेंबर २००१ मध्ये एका मदतनिधीच्या प्रकल्पासाठी तिला कोदा कुमी या स्वतःच्या नव्या गायिकेबरोबर गायला लावलं. अशा गोष्टींतून श्रोत्यांच्या मनात ती ‘त्या घरातली’ होत गेली.

भाषेचा मुद्दा टीव्हीमुळे. ‘म्युझिक स्टेशन’सारख्या कार्यक्रमात गाणं म्हणून निघून जाता येत नाही. आधी सूत्रसंचालक तामोरी यांच्या शेजारी बसून दोन मिनिटं गप्पा माराव्या लागतात, थट्टा झेलावी लागते, वेळेवर हसावं लागतं. दुभाष्या मध्ये असला की हा खेळच संपतो. बोआ ते जपानीत करायची. २००२ पासून २००७ पर्यंत दरवर्षी ती एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरच्या ‘कोहाकु उता गास्सेन’ या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात दिसली, सलग सहा वर्षं. तिथे तुमचं सिंगल कोणत्या क्रमांकावर गेलं एवढ्यावर बोलावणं येत नाही. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत घराला तुमचा चेहरा माहीत आहे का, हे पाहिलं जातं. चार्टपेक्षा हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो.

अनेक जण तिचं यश ‘कोरियन लाटे’च्या खात्यात टाकतात. तारखा जुळत नाहीत. ‘विंटर सोनाटा’ ही मालिका एनएचकेने उपग्रह वाहिनीवर २००३ मध्ये आणि मुख्य वाहिनीवर २००४ मध्ये दाखवली. मध्यमवयीन जपानी बायका कोरियाकडे वळल्या त्या तेव्हा. बोआचे दोन दशलक्षी अल्बम त्याआधीचे. २००२ च्या विश्वचषक फुटबॉलचं यजमानपद दोन्ही देशांकडे मिळून होतं, त्यामुळे प्रसारमाध्यमांना ‘दोन देशांमधला पूल’ अशा गोष्टी हव्या होत्या, हे खरं. पण त्याने बातमी मिळते, तीन हजार येन कोणी काढून देत नाही.

उलट बाजूही वर्गात सांगण्याजोगी आहे. कोरियाने जपानी संस्कृतीवरची जुनी बंदी १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठवली, आणि जपानी भाषेत गायलेल्या सीडींच्या विक्रीला मोकळीक मिळाली ती जानेवारी २००४ मध्ये. म्हणजे तोक्योत जी गाणी पहिल्या क्रमांकाच्या अल्बमवर होती ती जपानी बोलांसकट सोलमधल्या दुकानात रीतसर मिळत नव्हती. २००२ च्या ‘मिरॅकल’ या कोरियन अल्बमवर तिच्या जपानी गाण्यांच्या कोरियन आवृत्त्या आहेत, त्यामागे हे कारण होतंच असं मी धरतो. ‘नंबर वन’ हे गाणं उलट दिशेने गेलं, आधी कोरियात, मग जपानी सिंगलवर. तक्ता करताना दोन्ही देशांची सिंगल्स एकाच यादीत मिसळू नका. कोरियात त्या काळी सिंगल सीडीची जपानसारखी परंपराच नव्हती, अल्बममधलं एक मुख्य गाणं पुढे केलं जाई.

जोडलेल्या गाण्यांचा रकाना पटकन उरकतो. ‘एव्हरी हार्ट’ सांगून झालं. २००६ मधलं ‘युअर कलर’ ‘नाइन्टी-नाइन नाइट्स’ या गेमसाठी होतं, ‘की ऑफ हार्ट’ ‘ओव्हर द हेज’ या ॲनिमेशनपटाच्या जपानी आवृत्तीसाठी, ज्यात तिने एका पात्राला आवाजही दिला. २०१४ चं ‘मासायुमे चेझिंग’ हे ‘फेअरी टेल’ मालिकेचं सुरुवातीचं गाणं. तुमच्या वर्गातल्या ॲनिमे पाहणाऱ्यांनी बोआचं नाव न ऐकता हे शेवटचं नक्की ऐकलेलं असणार. सुरुवात तिथून केलीत तरी चालेल. जुनी जपानी सीडी हाताशी आली तर तिच्या कण्यावर गुंडाळलेली कागदी पट्टी, ‘ओबी’, फेकू नका. गाणं कशासाठी वापरलंय ते तिच्यावर ठळक छापलेलं असतं, अनेकदा गाण्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. किंमत आणि ठरलेल्या किमतीची मुदतही बहुधा तिथेच असते.

काही वाक्यं मात्र नकलून घेऊ नका. ‘जपानमध्ये तीन दशलक्षी अल्बम असलेली एकमेव परदेशी कलाकार’ असं बोआबद्दल ठिकठिकाणी लिहिलेलं सापडेल. ‘लिसन टू माय हार्ट’, ‘व्हॅलेंटी’, ‘बेस्ट ऑफ सोल’, हे तीन बरोबर. ‘एकमेव परदेशी’ मात्र टिकत नाही. मारिया कॅरीचे ‘डेड्रीम’, ‘मेरी ख्रिसमस’ आणि तिचा पहिला निवडक गाण्यांचा संग्रह, हे सगळे नव्वदीत जपानमध्ये दहा लाखांच्या पुढे गेले होते. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा आशियाई कलाकार असतात आणि लिहिताना ते गळतं. वर्गात कुणी हुशार विद्यार्थी असला तर हाच धागा ओढेल.

तसंच ‘विक्री’ आणि ‘प्रमाणपत्र’ एक धरू नका. ओरिकॉनचा आकडा दुकानातून गिऱ्हाइकाच्या हाती गेलेल्या प्रतींचा अंदाज असतो. आरआयएजेचं प्रमाणपत्र कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या प्रतींवर मिळतं. दुसरा आकडा साहजिकच मोठा दिसतो. शिवाय सुवर्ण आणि प्लॅटिनमच्या पातळ्या २००३ मध्ये बदलल्या: आता सुवर्ण एक लाखाला, प्लॅटिनम अडीच लाखांना, त्याआधीचे आकडे वेगळे होते. २००२ चं प्लॅटिनम आणि २००५ चं प्लॅटिनम शेजारी ठेवून ‘यश तेवढंच राहिलं’ म्हणाल तर चुकेल. ‘मिलियन’ला ही भानगड नाही, दहा लाख म्हणजे दहा लाख. म्हणूनही मी तुम्हाला दशलक्षी अल्बमवर भर द्यायला सांगतोय.

राहता राहिली तारीख, जी बहुतेक जण चुकवतात. ‘डू द मोशन’ ३० मार्च २००५ ला, बुधवारी आलं. ज्या आठवड्यात ते पहिलं आलं तो मोजणीचा आठवडा २८ मार्च ते ३ एप्रिल. पण त्या यादीवर तारीख छापलेली आहे ११ एप्रिल, कारण ओरिकॉन आपल्या साप्ताहिक यादीला मोजणी संपल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारची तारीख देतं. तुमच्या टिपणात ‘३० मार्चला आलं आणि ११ एप्रिलला पहिल्या क्रमांकावर पोहोचलं’ असं वाक्य आहे. ते वाचून वाटतं की गाणं दोन आठवडे चढत गेलं. प्रत्यक्षात ते पहिल्याच आठवड्यात वर होतं. ‘११ एप्रिलच्या यादीत पहिलं’ एवढं लिहिलंत की पुरे.